कारभाऱ्याचा हिशेब

पेत्राच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात कृपादानांचा विषय निघतो, तेव्हा मराठी बायबल ती बाळगणाऱ्यांना ‘कारभारी’ म्हणते. होळकरांच्या इंदुरात वाढलेल्या आम्हां मराठी माणसांना हा शब्द वेगळा उलगडून सांगावा लागत नाही. खजिन्याच्या किल्ल्या कारभाऱ्याच्या कमरेला असतात, पण खजिना त्याचा नसतो. तो ज्यांच्यासाठी ठेवला त्यांच्यापर्यंत पोचला की नाही, एवढाच त्याचा हिशेब.

कृपादान म्हटले की मधुर कंठ किंवा ओघवते प्रवचन आठवते. रविवारी उपासनेत दिसणारी ही दाने खरीच. परंतु उरलेल्या सहा दिवसांत उपयोगी पडणारी दाने इतकी साधी असतात, की ती बाळगणाऱ्याच्याही ध्यानात येत नाहीत. कुणाला रुग्णाच्या उशाशी मुकाट्याने बसता येते, कुणाला सरकारी कागद वाचता येतो. हे दुसरे दान शासकीय सेवेमुळे आमच्या वाट्याला आले.

ते किरकोळ नव्हे, हे सिस्टर राणी मारिया यांच्या चरित्रावरून कळते. १९५४ साली केरळात जन्मलेल्या या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट भगिनी देवास जिल्ह्यातील उदयनगरला आल्या. तेथील भूमिहीन आदिवासी सावकारी कर्जात बुडालेले होते. त्यांच्यासाठी कोणत्या शासकीय योजना आहेत, बँकेचे कर्ज कसे मिळते, आपसांत बचत कशी करावी, हे सिस्टरांनी त्यांना शिकवले. ही माहिती कोणत्याही कचेरीतल्या कारकुनापाशी होतीच. सिस्टरांनी ती ज्यांची होती त्यांच्या हाती दिली. लोकांच्या अज्ञानावर ज्यांचे पोट होते, त्यांना ते सोसले नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसच्या प्रवासात सिस्टरांची हत्या झाली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच त्यांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले.

असे मरण सर्वांच्या वाट्याला येत नाही, पण दान सोपवून देण्याची ही रीत सर्वांना आचरता येण्यासारखी आहे. आमच्या मराठीत तिचा वस्तुपाठ पंडिता रमाबाईंनी घालून दिला. कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ साली त्यांच्या संस्कृत विद्वत्तेचा गौरव केला होता. त्याच रमाबाई पुढे हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्ति सदनात, अल्पशिक्षित बायकांनाही समजेल अशा सोप्या मराठीत त्यांनी बायबलचे भाषांतर केले. १९२२ साली त्यांचा देहान्त झाला, तोवर ते काम त्यांनी हातावेगळे केले होते. त्याची छपाई सदनातल्या स्त्रियांच्याच हातून झाली. आश्रयाला आलेली स्त्री केवळ घेणारी राहिली नाही, तीही देणारी झाली.

सेवेतला सूक्ष्म मोह इथेच असतो. उपकार करणाऱ्याला समोरचा माणूस पुन्हा पुन्हा दारी यावा असे वाटू लागते. आमच्या खजरान्यात गणेश मंदिर आणि नाहरशाह वलींचा दर्गा यांच्या आसपास नाना धर्मांची माणसे राहतात. विधवा पेन्शन, शिधापत्रिका, जातीचा दाखला, असे कागद घेऊन शेजारी आमच्याकडे येतात. अर्ज आम्ही लिहून दिला तर दहा मिनिटांत काम होते आणि दुवाही मिळतो. घरातल्या शाळकरी मुलीला समोर बसवून तिच्याकडून लिहवून घेतला, तर तास मोडतो. चुका होतात, खाडाखोड होते, कोरा अर्ज पुन्हा आणावा लागतो. तरी आम्ही दुसरा मार्ग धरला आहे.

त्यांतली एक मुलगी आता आपल्या गल्लीतल्या वृद्धांचे अर्ज स्वतः लिहिते. ते लोक आता आमच्याकडे येत नाहीत. दारावरची वर्दळ ओसरली, याची कधी कधी चुटपुट लागते. पण कारभाऱ्याच्या वहीत ही नोंद खर्चाच्या नव्हे, जमेच्या बाजूला करायची असते.