जयगावच्या पुढे बुलेट

ती. ताईस,


भाच्याची पोस्टिंग भूतानला निघाल्यापासून घरात त्याच्यापेक्षा त्याच्या बुलेटचीच चर्चा जास्त, असं भाऊजींच्या फोनवरून कळलं. पोराला ती थेट तिथपर्यंत न्यायची आहे, भाऊजींना ती कोठ्यात तणसाच्या ढिगाआड झाकून ठेवायची आहे आणि उंदरांनी वायरी कुरतडायच्या आत काहीतरी ठरावं एवढंच तुझं म्हणणं. म्हणून हे जरा सविस्तर.

पोराची घाई समजण्यासारखी आहे. आपल्या लष्कराचं प्रशिक्षण पथक भूतानात साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे. त्याचं मुख्य ठाणं ‘हा’ नावाच्या खोऱ्यात, २,६०० मीटरांहून उंचावर. तिकडचे कितीतरी रस्ते आपल्याच सीमा सडक संघटनेच्या ‘दंतक’ प्रकल्पाने १९६१पासून बांधले. रहदारी डाव्या बाजूने, रुपया चालतो, भारतीयाला पासपोर्टही लागत नाही. पश्चिम बंगालातलं जयगाव आणि पलीकडचं फुंटशोलिंग तर एकमेकांना चिकटलेली गावं, मध्ये एक वेस. अशा ठिकाणाला परदेश म्हणायला त्याची जीभ रेटत नसणार.

पण जवानाच्या बदलीचा कागद निघतो, तसा त्याच्या गाडीचा निघत नाही. बुलेट खाजगी आहे, तिला मोटार वाहन कायदाच लागू. तुमसरच्या माणसाने बावनथडी ओलांडून बालाघाटात लग्नाला जाऊन यावं, एमएच-३६ नंबर बघून कुणी अडवत नाही. तीच गाडी जबलपूरच्या छावणीत बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली, की कलम ४७ आडवं येतं. मग भंडारा आरटीओकडून ना-हरकत आणायची, मध्य प्रदेशाचा नवा नंबर घ्यायचा, तिथला कर भरायचा आणि इकडे भरलेल्या एकरकमी कराचा उरलेला भाग परत मिळावा म्हणून अर्ज करत बसायचं. सुटी महिन्याभराची आणि त्यातले आठ दिवस आरटीओच्या खिडकीसमोर, हे फौजी घरांत नवं नाही.

केंद्राने २०२१मध्ये गाड्यांच्या नंबरांची बीएच मालिका आणली ती यासाठीच. सैन्यातल्यांना, सरकारी नोकरांना, चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असणाऱ्या कंपन्यांच्या लोकांना असा नंबर घेता येतो. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा, राज्य बदललं तरी नंबर तोच. डिसेंबर २०२२पासून जुन्या नंबराची गाडीही या मालिकेत नेता येते. भाच्याने मात्र त्या भानगडीत पडू नये. महाराष्ट्राचा कर भरून झालाय, आणि बीएच म्हणजे भारतातल्या भारतातली सोय. फुंटशोलिंगच्या वेशीवर बीएच काय नि एमएच-३६ काय, दोन्ही परदेशी नंबरच. तिथून आत न्यायची तर भूतानच्या परिवहन खात्याचा परवाना हवा. त्यासाठी आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स असे सगळे कागद तयार असावे लागतात. पर्यटकाला मिळणारा परवाना ठरावीक दिवसांचा असतो. पोस्टिंगभर गाडी ठेवायची तर त्याच्या युनिटने लेखी होकार द्यायला हवा. तो आधी, तिकिटं नंतर.

खरी मेख विम्यात आहे आणि तिकडे कुणाचंच लक्ष नसतं. आपल्या गाड्यांची पॉलिसी भारताच्या हद्दीपुरती असते. जयगावची वेस ओलांडली आणि डोंगरात गाडी घसरली, तर कंपनी हात वर करू शकते. जादा हप्ता भरून ही हद्द वाढवून घेता येते: भूतान, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव, अगदी पाकिस्तानपर्यंत. पाकिस्तानात बुलेट नेण्याचा योग कुठल्या फौजीला येणार, हे विमावाल्यांनाच ठाऊक! जुन्या मोटार टॅरिफमध्ये हद्द वाढवणाऱ्या या जोडणीचा (एंडोर्समेंटचा) क्रमांक १ आहे, म्हणजे मागणी नवी नाही. त्यातलीच एक अट अशी, की गाडी विमानाने किंवा जहाजाने त्या देशात नेत असताना ही जोडणी लागू होत नाही. भूतानला रस्त्यानेच जायचं असल्याने ती अट आपल्याला नडणार नाही. जोडणी मात्र निघण्यापूर्वीच करून घ्यायची, तिथे पोचून फोन करून नाही.

गाडी आत नेण्याचा नियम नेपाळात भूतानहून वेगळा. तिथे भारतीय नंबराच्या गाडीला नाक्यावर दिवसागणिक भन्सार, म्हणजे सीमाशुल्क, भरावा लागतो, आणि वर्षाकाठी तीस दिवसांची मर्यादा असते.

अमेरिकी फौजीचं नशीब बघ. नाटो देशांनी १९५१मध्ये लंडनला केलेल्या करारातच लिहिलंय, की परदेशी तैनात सैनिकाला स्वतःची मोटार तात्पुरती, विनाशुल्क नेता येईल. जर्मनीतल्या तळांवर त्यांच्या गाड्यांची नोंदणीही त्यांचंच लष्कर करतं. आपले जवान काँगो किंवा दक्षिण सुदानला शांतिसेनेत जातात, तेव्हा खाजगी गाडीचा विषयच निघत नाही. तिथे यूएनच्या पांढऱ्या गाड्या, आणि त्या हाकायला इथलं लायसन्स पुरत नाही, यूएनची वेगळी परीक्षा द्यावी लागते.

भाच्याने आधी एकट्याने जाऊन यावं, ठाण्यातल्या जुन्या माणसांना विचारावं. होकार मिळालाच तर नागपूरहून रेल्वे पार्सलने गाडी बंगालपर्यंत धाडता येईल. टाकी रिकामी करून, बारदानात गुंडाळून. नाहीतर कोठाच बरा, पण बॅटरी काढून ठेवायला सांग आणि गाडी तणसापासून लांब उभी करा.

कपाटातली आरसी आणि विम्याची पॉलिसी, दोन्हींचे फोटो पाठव. पॉलिसीची मुदत कधी संपते आणि विमा पूर्ण आहे की नुसता थर्ड पार्टी, हे बघितल्याशिवाय जोडणीचं काही बोलता येणार नाही.

तुझा,
भाऊ