पाणमोट

गेल्या वर्षी शहरातील एका परिचर्या प्रशिक्षण संस्थेने आम्हा दोघींना विद्यार्थिनींसाठी ‘संवादकौशल्य’ या विषयावर काही तास घेण्याची विनंती केली. आम्ही महाविद्यालयात मराठी शिकवतो. बाळंतपणाशी आमचा संबंध आपापल्या एकेका अपत्यापुरता. तरीही होकार दिला, आणि त्यामागे थोडा अहंकारही होता, हे मान्य करावयास हवे. भाषा शिकविणे हे आपले काम, मग ती वर्गातली असो की प्रसूतिकक्षातली, असे वाटले. तास संपता संपता संस्थेने आणखी एक काम सोपविले : हर्सूलमधील गरोदर स्त्रियांच्या बैठकीसाठी धोक्याच्या लक्षणांचे पत्रक लिहून द्यावे.

हर्सूल शहराला जोडले गेले, तरी त्याचे गावपण पुरते सुटलेले नाही. तलाव, हर्सिद्धी देवीचे मंदिर आणि मध्यवर्ती कारागृह ही त्याची सर्वांना ठाऊक असलेली ओळख. जळगाव रस्त्याने फुलंब्री, सिल्लोडकडून येऊन स्थायिक झालेली कुटुंबे येथे आहेत, दखनी बोलणारी घरे आहेत. बाळंतपणाला येथे ‘जचकी’ म्हणतात, हे आम्हांला ठाऊक होते. पत्रकात मात्र आम्ही ‘प्रसूती’च लिहिले.

पत्रक आम्ही मन लावून लिहिले. ऱ्हस्वदीर्घ तीनदा तपासले. त्यातील एक वाक्य असे होते : ‘योनिमार्गातून स्राव झाल्यास विनाविलंब आरोग्यकेंद्राशी संपर्क साधावा.’ बैठकीत एका विद्यार्थिनीने ते खणखणीत आवाजात वाचले. आठवा महिना लागलेल्या एका मुलीने विचारले, “स्राव म्हंजी काय वं ताई?” विद्यार्थिनीने आमच्याकडे पाहिले. आम्ही तोंड उघडण्याआधीच सुनेबरोबर आलेली एक वृद्ध स्त्री म्हणाली, “पोरी, पांढरं जातं, का लाल जातं, का पाणी गेलं, ते आधी सांग की. पाणमोट फुटली तं कळा नसल्या तरी निघाया लागतं.”

पाणमोट! गर्भजलाच्या पिशवीला इतका नेमका शब्द मराठीत आहे आणि एम.ए.ला भाषाविज्ञान शिकलेल्या आम्हा दोघींच्या लेखणीत तो आला नाही. नुसत्या शब्दवैभवाचा प्रश्न असता, तर आम्ही हळहळून गप्प बसलो असतो. पण त्या बाईने एका ‘स्रावा’चे जे तीन भाग केले, ते वैद्यकशास्त्रानेही केलेले आहेत. पांढरे जाणे गरोदरपणात पुष्कळदा स्वाभाविक असते; दुर्गंधी वा खाज असेल तर दाखवावे लागते. लाल जाणे म्हणजे क्षणाचाही विलंब नको. पाणी गेले, तर कळांची वाट पाहत घरी थांबावयाचे नाही, कारण जंतुसंसर्गाची भीती वाढते आणि क्वचित नाळ बाळाच्या पुढे खाली सरकते. आमच्या शुद्ध शब्दाने हा सारा भेद पुसून टाकला होता. एखादी मुलगी ते पत्रक उशाला ठेवून रात्रभर कळांची वाट पाहत बसली असती, हा विचार आजही आमची झोप उडवतो.

त्या वृद्ध स्त्रीची आई सुईण होती, हे बैठकीनंतर चहा पिताना कळले. तिने ते फार अभिमानाने सांगितले नाही. त्याचे कारण उघड आहे. मराठवाड्यातील कितीतरी गावांत सुईणपण दलित जातींतील स्त्रियांकडे असे. नाळ कापणे, वार पुरणे ही कामे विटाळाची मानली जात. अडलेल्या बाईसाठी जिला मध्यरात्री हात जोडून बोलावून आणले, तिलाच पुढे उंबऱ्याबाहेर बसविले जाई. तिचे ज्ञान हातांत होते आणि बोलीत होते, कागदावर कधी आले नाही. आमच्या साहित्यात डोहाळ्यांचे कौतुक भरपूर. ‘डोहाळे’ हा शब्द संस्कृत ‘दोहद’पासून आला, हेही आम्ही वर्गात रंगवून सांगतो. सुईण मात्र कथेत दार ढकलून आत येते, मूल जन्माला घालते आणि पुढच्या परिच्छेदात नाहीशी होते.

सुईणीविषयी हळवे होण्याचे मात्र कारण नाही. मळक्या पात्याने कापलेली नाळ, तिच्यावर लावलेले शेण आणि मग धनुर्वात, हाही त्याच परंपरेचा भाग होता. सरकारने अनेक वर्षे दाईंना प्रशिक्षण दिले. पुढे २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आणि आशा कार्यकर्त्या आल्या आणि बाळंतपण दवाखान्यात नेण्यावर भर पडला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये महाराष्ट्रातील सुमारे ६५ टक्के बाळंतपणे संस्थांमध्ये होत असत; २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ९४.७ टक्क्यांवर गेले. हे चांगलेच झाले. (त्याच सर्वेक्षणात सिझेरियनचे प्रमाण २५.४ टक्के आहे. तो वेगळा आणि कडवट विषय.) आमची तक्रार एवढीच, की काम एका हातातून दुसऱ्या हातात गेले, पण शब्द मागेच राहिले.

ते नेता येत होते, याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेड परिसरात निरक्षर स्त्रियांमधून आरोग्यसेविका घडविल्या, त्या तोंडी शिक्षणाच्या बळावर. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी स्त्रियांच्या आजारांची माहिती स्त्रियांच्याच तोंडून ऐकली. ‘कानोसा’ हे त्यांच्या पुस्तकाचे नावच पुरेसे बोलके आहे. हे काम डॉक्टरांनी केले. मराठीचे प्राध्यापक तेव्हा काय करीत होते, असा प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारला आणि उत्तर सुखद नव्हते.

पत्रक मागे घेतले. पुढचे तीन तास विद्यार्थिनींनी फळ्यावर आपापल्या घरचे शब्द लिहिले. आधी लाजल्या. बीडकडची एक, कन्नडची एक, एक दखनी बोलणारी. अंगावरून जाणे, डोळ्यांपुढे अंधारी, बाळ फिरंना झालं, वार अडकली, आडवं मूल. ‘पायाळू’वर वर्ग हसला, कारण पायाळू माणसावर वीज पडते, हे प्रत्येकीच्या आजीने सांगितले होते, मग त्यांच्या शिक्षिकेने पायाकडून येणाऱ्या बाळाचे बाळंतपण कसे अवघड असते, ते समजावले आणि हसू थांबले. प्रसूतिकक्षातली भाषाही निघाली. कळा देणाऱ्या बाईला “नाटकं करू नको” असे म्हटलेले जवळजवळ सगळ्यांनी ऐकले होते. आमच्यापैकी एकीने ते स्वतः टेबलावर पडून ऐकले आहे. वीस वर्षे झाली, वाक्य विसरलेले नाही. त्याऐवजी काय म्हणावे? बऱ्याच चर्चेनंतर फळ्यावर उरले ते असे : “कळ आली की खाली जोर द्या ताई, कळ गेली की दम घ्या.” यात आमचा एकही शब्द नव्हता.

अखेरच्या तासाला एकीने विचारले, “मॅडम, मिडवाइफला मराठीत काय म्हणायचं?” प्रश्न सोपा नव्हता. केंद्र सरकारने २०१८ मध्ये प्रसूतीसेवेसाठी नवी मार्गदर्शक तत्त्वे आणली. अनुभवी परिचारिकांना अठरा महिन्यांचे खास प्रशिक्षण देऊन साधी बाळंतपणे त्यांच्या हाती सोपवावीत, असा त्यांचा रोख आहे. या विद्यार्थिनींपैकी काही जणी उद्या त्या वाटेने जातील. आम्ही ‘प्रसाविका’ सांगितले. शासकीय कागदांत तोच शब्द आहे. कुणाच्या चेहऱ्यावर तो उमटला नाही. मग आम्ही जरा भीतभीतच ‘सुईण’ म्हटले. मागच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. “माझी पणजी सुईण होती मॅडम. तिला वाड्यात पाणी वरून वाढायचे. मला तो शब्द नको.” जराशाने तीच म्हणाली, “पण पाणमोट राहू द्या.”

नव्या पत्रकात तो शब्द मधोमध, ठळक अक्षरांत छापला आहे. स्वाक्षरीच्या जागी मात्र अजून ‘सिस्टर’ असेच लिहिलेले आहे.