गाव श्रीरामपूर, स्टेशन बेलापूर!

माझी भाची आठवीत आहे. गेल्या डिसेंबरात मी नगरला बहिणीकडे उतरलो होतो, तेव्हा ही बाई गाल फुगवून बसलेली. शाळेच्या बॅडमिंटन संघात तिची निवड झाली होती.

"अगं, मग पेढे वाट की!" मी म्हटलं.

"पेढे कसले, मामा? मला डबल्समध्ये घातलंय. सिंगल्सला दुसरीच मुलगी. आणि माझी पार्टनर कोण, तर जिला बॅकहँड म्हणजे काय तेच माहीत नाही! मी नाव काढून घेणार आहे."

मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी मला आतेबहिणीच्या वास्तुशांतीला श्रीरामपूरला जायचं होतं. "चल माझ्याबरोबर," म्हटलं. "रागवायचंच असेल, तर खिडकीजवळ बसून रागव."

मित्रांनो, आपल्या जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं. पण बोलताना अजून सवयीनं 'नगर'च तोंडात येतं. तर या नगरहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीत आम्ही बसलो. विळद मागे पडलं, वांबोरी आली, मग राहुरी. इथपर्यंत डोळ्यांना ज्वारीची शेतं आणि उघडे माळ दिसत होते. राहुरीनंतर मात्र खिडकीतलं चित्र हळूहळू बदलू लागलं. उसाचे फड सुरू झाले. तोडणीचे दिवस होते. वाढ्यांचे भारे डोक्यावर घेतलेल्या बायका, उसानं शिगोशीग भरलेल्या बैलगाड्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, आणि डब्यात मधूनच शिरणारा मळीचा तो आंबूस-गोड वास!

"एवढा ऊस इथंच कसा?" भाचीनं विचारलं. राग थोडा उतरला होता म्हणायचा.

पाण्याची गोष्ट

याचं उत्तर इथून बऱ्याच लांब, सह्याद्रीच्या कुशीत आहे. प्रवरा नदीवर भंडारदऱ्याला इंग्रजांच्या काळात धरण बांधलं. ते १९२६ साली पुरं झालं. धरणातलं पाणी नदीतून खाली येतं आणि संगमनेर तालुक्यात ओझरच्या बंधाऱ्यापाशी दोन कालव्यांत वळतं, एक डावा आणि एक उजवा. हे पाणी शेतात पोचलं आणि दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा हा भाग उसाचा झाला. शेजारच्या हरेगावात बेलापूर कंपनीनं साखर कारखाना काढला. पुढे प्रवरेच्याच काठी, लोणीजवळ शेतकऱ्यांनी स्वतःचा सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५० साली सुरू झालेल्या त्या कारखान्यामागे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ या दोघांचे कष्ट होते. एक शेतकरी, एक अर्थशास्त्राचे पंडित. "बघ, इथंही जोडीच!" मी म्हणालो. भाचीनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढचं वाक्य गिळलं.

तेवढ्यात गाडी थांबली. आम्ही उतरलो. भाची फलकाकडे बघून दचकलीच.

"मामा, चुकीच्या स्टेशनवर उतरलो! हे बेलापूर आहे!"

मला हसू आवरेना. नव्यानं येणारा प्रत्येक जण इथं असाच फसतो. गाव श्रीरामपूर, पण स्टेशनचं नाव बेलापूर! खरं बेलापूर इथून काही किलोमीटरवर, प्रवरेच्या काठी आहे. जुनं गाव ते. रेल्वे आली तेव्हा स्टेशनला त्याचंच नाव मिळालं. पुढे स्टेशनच्या आजूबाजूला बाजारपेठ वाढली, साखरेचा, गुळाचा, धान्याचा व्यापार वाढला आणि श्रीरामपूर मोठं झालं. फलकावर मात्र बेलापूरच राहिलं.

"म्हणजे काम एकाचं आणि नाव दुसऱ्याचं," भाची म्हणाली. "डबल्ससारखंच!"

आता मात्र मला गोष्ट सांगायला जागा मिळाली.

या गावाचे दोन खेळाडू

"श्रीरामपूरचा एक खेळाडू तुला नक्की ठाऊक असेल," मी म्हटलं.

"झहीर खान!" तिनं पट्‌कन सांगितलं. बरोबर. १९७८ साली इथं जन्मलेल्या या डावखुऱ्या गोलंदाजानं २०११ च्या विश्वचषकात २१ बळी घेतले होते.

"आणि दुसरी?"

ती गप्प.

दुसरी म्हणजे ऋतुजा भोसले. टेनिस खेळाडूंच्या नोंदीत तिच्या नावापुढे जन्मगाव म्हणून श्रीरामपूर लिहिलेलं असतं. जन्म २७ मार्च १९९६. ती टेनिस खेळत मोठी झाली, अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघातून खेळली. २०२० च्या मार्चमध्ये दुबईला महिलांच्या फेड चषक स्पर्धेत भारतानं पहिल्यांदाच 'प्ले-ऑफ'मध्ये धडक मारली. सानिया मिर्झा आणि अंकिता रैनाबरोबर त्या संघात ऋतुजाही होती.

पण टेनिसचा व्यवसाय म्हणजे काही रोज टीव्हीवर दिसणं नव्हे. जगाच्या क्रमवारीत पहिल्या शंभरात नसलेल्या खेळाडूला छोट्या-छोट्या स्पर्धांसाठी देशोदेशी फिरावं लागतं. विमानाचं तिकीट, राहणं, प्रशिक्षक, रॅकेटच्या तारा, सगळा खर्च स्वतःचा. पहिल्याच फेरीत हरलं, तर हातात येणारे पैसे परतीच्या तिकिटालाही पुरत नाहीत. हे सोडून द्यावं, असं ऋतुजाच्याही मनात येऊन गेलं होतं. त्या वेळी 'आणखी थोडं खेळ' म्हणून तिला धीर दिला तिच्या नवऱ्यानं, स्वप्नील गुगळेनं. तोही खेळाडूच. २०१६ साली रणजी सामन्यात दिल्लीविरुद्ध महाराष्ट्राच्या ज्या दोघांनी ५९४ धावांची अभेद्य भागीदारी केली, त्यांतला एक स्वप्नील आणि दुसरा अंकित बावणे. जोडीनं टिकून राहणं म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायला नको!

ऋतुजा खेळत राहिली. आणि मग आलं हांगझोऊ.

दोन-सहा!

चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धा व्हायच्या होत्या २०२२ मध्ये, पण कोरोनामुळे त्या २०२३ वर गेल्या. मिश्र दुहेरीत ऋतुजाचा जोडीदार होता रोहन बोपण्णा. कूर्गच्या कॉफीच्या मळ्यांत वाढलेला, उंचापुरा, त्रेचाळीस वर्षांचा. ऋतुजा सत्तावीस वर्षांची. बोपण्णा दुहेरीतला जगातला अव्वल खेळाडू. ऋतुजाचं नाव टेनिसवेड्या लोकांनाही फारसं ठाऊक नव्हतं. त्यात बोपण्णा पुरुष दुहेरीत लवकरच हरून बाहेर पडलेला, आणि ऋतुजाही एकेरीत हरलेली. दोघांनाही आता एकमेकांचाच काय तो आधार.

३० सप्टेंबर २०२३. अंतिम सामना. समोर चिनी तैपेईची जोडी, लियांग एन-शुओ आणि हुआंग त्सुंग-हाओ. पहिला सेट भारतानं गमावला. २-६!

"आता सांग," मी भाचीला विचारलं, "अशा वेळी बोपण्णानं काय करायचं? 'तू बाजूला उभी राहा, मी एकटा बघतो' असं म्हणायचं?"

"हो! मी तेच केलं असतं," ती म्हणाली.

"करताच येत नाही!"

आणि इथंच दुहेरीची खरी गंमत आहे, मित्रांनो. टेनिसचं कोर्ट एकेरीसाठी ८.२३ मीटर रुंद असतं. दुहेरीत दोन्ही बाजूंच्या जादा पट्ट्या धरून ते १०.९७ मीटर होतं. एवढं रुंद मैदान एकट्याला झाकता येणार नाही, हे तर झालंच. पण नियमही तसाच आहे. चौघांनी आळीपाळीनं सर्व्हिस करायची. म्हणजे दर चार गेममध्ये एकदा चेंडू तुमच्या हातात येणारच. समोरच्याची सर्व्हिससुद्धा एक चेंडू एकानं आणि पुढचा दुसऱ्यानं परतवायची. जोडीदार कितीही मोठा असो, तुमच्या वाट्याचा चेंडू तो घेऊ शकत नाही. शिवाय प्रतिस्पर्धी काही साधे नसतात. जोडीत ज्याचा अनुभव कमी, त्याच्याकडेच ते जास्त चेंडू मारतात.

म्हणून बोपण्णाजवळ एकच उपाय होता. ऋतुजाला तिचा खेळ खेळता यावा, असं स्वतः खेळायचं. आणि ऋतुजाजवळही एकच. आपल्यामुळे हरतोय, हा विचार झटकून पुढचा चेंडू नीट मारायचा.

दुसरा सेट भारताचा, ६-३.

मग तिसऱ्या सेटऐवजी 'सुपर टायब्रेक'. जो आधी दहा गुण करील आणि निदान दोनांनी पुढे असेल, तो जिंकला. इथंही सर्व्हिस फिरतीच. भारतानं तो टायब्रेक १०-४ असा जिंकला. एकूण चौदा गुण. म्हणजे चौघांपैकी प्रत्येकाला तीन-चार वेळा सर्व्हिस करावी लागली असणार, हे तुम्ही वहीत मांडूनही काढू शकाल. ऋतुजाच्या वाट्याच्या सर्व्हिस ऋतुजानंच केल्या. हांगझोऊत भारताला टेनिसमध्ये मिळालेलं ते एकुलतं एक सुवर्णपदक!

"पण पेपरात मोठ्या अक्षरांत बोपण्णाचंच नाव आलं असेल," भाची म्हणाली.

खोटं कशाला सांगू? पुष्कळ ठिकाणी तसंच झालं. पण पदकं दोन होती. एक तिच्या गळ्यात होतं.

हॉलंडची जोडी बालेवाडीत

चहाला आम्ही स्टेशनजवळच्या हॉटेलात बसलो. भाचीनं आपला हुकमाचा पत्ता काढला. "मामा, सिंगल्स चांगलं जमत नाही, तेच डबल्स खेळतात. सगळे असंच म्हणतात."

मग मी तिला पुण्याची गोष्ट सांगितली. २०१८ ते २०२३ या काळात बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात 'महाराष्ट्र ओपन' ही आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा भरत असे. पहिल्या वर्षी, म्हणजे जानेवारी २०१८ मध्ये, एकेरीत विजेता ठरला फ्रान्सचा जिल सिमाँ. हाच सिमाँ आपल्याच देशाच्या एर्बेरला घेऊन दुहेरीच्या अंतिम सामन्यातही उतरला. समोर होते रॉबिन हासे आणि मात्वे मिडलकोप. दोघंही डच, म्हणजे नेदरलँड्सचे. आपण ज्याला हॉलंड म्हणतो, तो देश. यातला मिडलकोप खास दुहेरीचाच खेळाडू. दोन्ही सेट टायब्रेकपर्यंत गेले, आणि दोन्ही डच जोडीनं घेतले. एकेरीचा विजेता दुहेरीत हरला!

कारण दुहेरी ही वेगळीच विद्या आहे. जाळीजवळ उभं राहून डोळ्याचं पातं लवण्याआधी चेंडू अडवायचा, जोडीदार सरकला की त्याची रिकामी जागा आपण भरायची, सर्व्हिसआधी पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करायची. मिडलकोपसारखे खेळाडू वर्षानुवर्षं हेच घोटत असतात.

हाच मिडलकोप पुढे २०२२ साली पॅरिसच्या फ्रेंच ओपनमध्ये कुणाबरोबर खेळला, सांगा पाहू? आपल्या बोपण्णाबरोबर! दोघं उपांत्य फेरीपर्यंत पोचले. तिथं त्यांना हरवलं, त्यांतही एक डच खेळाडूच होता, ज्याँ-ज्युलियन रोजर. त्याचा जोडीदार तर एल साल्व्हादोर या चिमुकल्या देशाचा. म्हणजे जाळीच्या अलीकडे एक डच आणि पलीकडेही एक डच! भाषा वेगळी, देश वेगळा, पण बोटांच्या खुणा सगळ्यांना कळतात.

बोपण्णानं जानेवारी २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू एब्डेनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनही जिंकली आणि त्रेचाळिसाव्या वर्षी तो दुहेरीत जगात पहिला झाला. आणि जिल्ह्याच्या जरा पलीकडे पाहिलं, तर बार्शीची प्रार्थना ठोंबरे आहे. सानियाबरोबर तिनं २०१४ च्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं आणि २०१६ साली दोघी रिओ ऑलिंपिकलाही खेळल्या. श्रीरामपूर काय आणि बार्शी काय, ही काही टेनिसची मोठी केंद्रं नव्हेत. तरी तिथल्या नावांच्या दोघी देशासाठी दुहेरी खेळल्या.

परतीची गाडी

संध्याकाळी पुन्हा त्याच फलकाखाली आम्ही गाडीची वाट पाहत बसलो. उन्हं कलली होती. भाची बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "मामा, मी मघापासून स्वतःला बोपण्णा समजत होते."

"मग?"

"सिंगल्सच्या निवडीत मी हरले, तेव्हा मी पण ऋतुजाच की!"

मी काही बोललो नाही. असल्या वेळी मामानं गप्प बसावं.

गाडीत बसल्यावर तिनं दप्तरातून वही काढली आणि बोटांच्या खुणा लिहायला घेतल्या. एक बोट म्हणजे अमुक, दोन बोटं म्हणजे तमुक. राहुरी येईपर्यंत सहा खुणा झाल्या होत्या. वांबोरीला तिनं मला विचारलं, "बॅकहँड शिकवायला किती दिवस लागतात रे मामा?"

मला बॅडमिंटन येत नाही. तसं मी सांगितलं. "मग उद्यापासून मीच शिकवते तिला," ती म्हणाली.

पंधरवड्यानं तिचा फोन आला. दुसऱ्या फेरीत दोघी हरल्या होत्या. मी सांत्वनाला शब्द शोधतच होतो, तोवर पलीकडून आवाज आला, "अरे, पण शेवटचा पॉइंट ऐक ना! तिनं बॅकहँडनं मारला!"

तुम्ही कधी मनमाड-नगर रस्त्यानं रेल्वेनं गेलात, तर बेलापूर स्टेशनच्या फलकाकडे जरूर बघा. आणि शेजारी बसलेल्याला विचारा, "इथल्या दोन खेळाडूंची नावं सांगता येतील?" पहिलं नाव तो पट्‌कन सांगेल. दुसरं तुम्ही सांगा.