प्रकल्प वहीच्या पलीकडे



आज थोडं घरातलं सांगणार आहे. विषय करिअरचा आहे, पण तो आपल्या चौथीच्या वर्गापर्यंत येऊन पोहोचतो, म्हणून लिहिते.

माझा धाकटा भाऊ सिव्हिलचा डिप्लोमा झालेला. सहा वर्षं पुण्यात बांधकामाच्या साइटवर काम करत होता. २०२२ च्या दिवाळीत घरी आला आणि म्हणाला, "ताई, मला प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये जायचंय. त्याची परीक्षा असते. फीला पैसे कमी पडतायत, देशील का थोडे?"

बाबा लगेच म्हणाले, "मॅनेजर म्हणजे दुसऱ्याच्या कामावर नुसतं उभं राहायचं. त्यापेक्षा सरकारी भरतीचा फॉर्म भर." मीही बाबांचीच री ओढली. "अरे, हे काय शिकायचं असतं का? घरात लग्न निघालं की आई करतेच की सगळं!" असं म्हणून मी हसले. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने निघून गेला. त्या वर्षी भाऊबीजेचं ताट तसंच राहिलं.

मन खात होतं. मग ठरवलं, आधी हे काय आहे ते तरी समजून घेऊ. मला जे कळलं ते तुम्हाला सोप्या शब्दांत सांगते.

ज्या कामाला सुरुवात आणि शेवट असतो, ठरलेला पैसा आणि ठरलेली मुदत असते, तो प्रकल्प. रोजचा परिपाठ हा प्रकल्प नाही, स्नेहसंमेलन हा प्रकल्प आहे. आणि एकाच मोठ्या हेतूसाठी चालणारे अनेक प्रकल्प एकत्र सांभाळायचे, त्याला प्रोग्रॅम मॅनेजमेंट म्हणतात. शाळेची खोली बांधणं हा एक प्रकल्प. तालुक्यातल्या सगळ्या शाळा सुधारायच्या, म्हणजे खोल्या, पाणी, शिक्षकांचं प्रशिक्षण सगळं जुळवून आणायचं, हा झाला प्रोग्रॅम.

आपल्या जवळचं उदाहरण घ्या, कोकण रेल्वे. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख होते. रोह्यापासून मंगळूरच्या अलीकडेपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, नव्वदच्या वर बोगदे, रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा तर साडेसहा किलोमीटरचा. हे काम एकदम कोणाच्या हातात मावणार? म्हणून महाड, रत्नागिरी, कुडाळ, पणजी, कारवार, उडुपी असे एकूण सात विभाग पाडले (रत्नागिरीचे दोन, उत्तर आणि दक्षिण) आणि प्रत्येकावर एक मुख्य अभियंता नेमला. तरीही गोव्यात पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती ढासळत राहिली आणि काम लांबलं. १९९८ च्या जानेवारीत पूर्ण मार्ग खुला झाला. काम तोडून वाटून देणं, कुठे अडणार ते आधी ओळखणं आणि अडलंच तर बाकीचं थांबू न देणं, हीच ती विद्या. नुसतं उभं राहणं नव्हे.

मी भावाला फोन केला. माफी मागितली, असं म्हणायला लाज वाटते, पण मागितली. तेव्हा तो एका जाहिरातीला भुलला होता. '३५ तासांत मॅनेजर व्हा!' मग आम्ही दोघांनी अटी नीट वाचल्या. पीएमपी हे प्रमाणपत्र देणारी संस्था अमेरिकेतली, १९६९ साली स्थापन झालेली. ३५ तासांचं प्रशिक्षण ही फक्त एक अट. त्या वेळच्या नियमाप्रमाणे पदवीधराला प्रकल्प सांभाळल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव लागत होता आणि डिप्लोमावाल्याला ६० महिन्यांचा. वर १८० प्रश्नांची परीक्षा. ज्यांना अनुभवच नाही, त्यांच्यासाठी सीएपीएम नावाची सुरुवातीची पायरी आहे. नियम बदलत असतात. तेव्हा पालकहो, पैसे भरण्याआधी क्लासची जाहिरात नाही, संस्थेचे नियम वाचा.

भावाकडे अनुभव होता, पण नोंद कुठेच नव्हती! कोणत्या साइटवर काय सांभाळलं, किती महिने, हाताखाली किती माणसं, काहीच लिहिलेलं नाही. पाच-सहा रविवार फोनवर बसून, जुन्या साहेबांना विचारून आम्ही ती यादी केली. पहिल्या खेपेला तो नापास झाला, दुसऱ्या खेपेला पास. पगार काही लगेच दुप्पट झाला नाही. पण आता तो कंपनीत कामाचं नियोजन बघतो, आणि बाबा शेजाऱ्यांना सांगतात, "आमच्याकडचा वेळापत्रक बनवतो, मग बाकीचे कामाला लागतात."

पास झाल्यावर तो सहज एक वाक्य बोलला. "ताई, माझं खरं कुठे अडलं माहितीये? शाळेत माझे सगळे प्रकल्प तूच करून द्यायचीस. तो थर्माकोलचा किल्ला आठवतो? त्याला पहिला नंबर मिळाला, पण मला काम कसं मांडायचं हे कळलंच नाही."

मी गप्पच झाले. कारण माझ्याही वर्गात तेच चालू होतं. प्रकल्प वह्या आल्या की अक्षर आईचं, चित्रं दुकानातल्या तक्त्यातली. आणि मी त्यावर 'छान' असा शेरा देत होते.

त्या वर्षीपासून मी परसबाग पूर्णपणे मुलांच्या हाती दिली. पहिल्याच खेपेला फजिती झाली. मुलांनी उत्साहाने मेथी पेरली, कुंपण मात्र राहिलं. कोंब वर आले आणि सोमवारी शेळ्यांनी सगळं फस्त केलं. मला फार वाटलं, आपण आधीच सांगायला हवं होतं. पण वर्गातल्या एका मुलीने फळ्यावर तीन रकाने आखले, 'काय, कोण, कधी'. सगळ्यात वर लिहिलं, कुंपण. ही तीच मुलगी, जिला मी कितीदा 'पुढं पुढं करू नकोस' म्हणून बसवलं होतं. दुसऱ्या खेपेची मेथी पोषण आहाराच्या भाजीत पडली.

मुलांना मोठेपणी मॅनेजर करायचंच, असं माझं म्हणणं नाही. पण पालकहो, पुढच्या वेळी मुलगा रात्री नऊला 'उद्या प्रकल्प द्यायचाय' म्हणाला, तर कात्री-डिंक हातात घेऊ नका. शेजारी बसा आणि विचारा, आधी काय करायचं? आणि शिक्षक मित्रांनो, वाकडंतिकडं चिकटवलेलं पान आलं, तर ते मनापासून तपासा. ते पान त्या मुलाचं स्वतःचं असतं.