पांढराशुभ्र उजेड, नको रे बाबा!

सेकंडहँड झेन घेतली, तेव्हा आधीच्या मालकाने तिला एलईडी बल्ब बसवलेले होते. पांढराशुभ्र उजेड, लुक एकदम कूल! पण रात्री समोरचा प्रत्येक जण मला अप्पर-डिपर करायचा. माझा दिवा डिपरवरच असायचा, तरीही. एका बाइकवाल्याने तर डोळ्यांवर हात धरला आणि गाडी थेट कच्च्यात उतरवली. मागे लहान मुलगी बसलेली.

नाना पेठेतल्या इलेक्ट्रिशियनकाकांनी जुना एच-फोर हॅलोजन हातात दिला. त्यात दोन फिलामेंट्स, अप्परची 60 वॉटची, डिपरची 55ची. डिपरच्या खाली पत्र्याची इवलीशी वाटी. तिच्यामुळे रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर उजेड पडत नाही, म्हणून झोत वर उडत नाही. सगळा हिशोब फिलामेंटच्या जागेवर. एलईडीची चिप मिलिमीटरभर सरकली, तरी उजेड समोरच्याच्या डोळ्यात.

‘‘पण हॅलोजन मंद वाटतो ना, काका?’’

‘‘बल्ब नाही ताई, वायर म्हातारी झाली.’’

हॅलोजन लावून, इंजिन चालू ठेवून त्यांनी मीटर धरला. बॅटरीवर 13.8 व्होल्ट, होल्डरवर जेमतेम 11.9! व्होल्टेज 10 टक्के पडलं की हॅलोजनचा उजेड जवळपास 30 टक्के घटतो. मग रिले, बॅटरीपासून फ्यूज लावून थेट जाड वायर, गंजलेला अर्थिंगचा पॉइंट घासून साफ. होल्डरवर 13.4. शेवटी भिंतीसमोर गाडी लावून झोताची लेव्हल. (हे बहुतेक जण विसरतातच.)

काढलेलं एलईडी किट एका मित्राने मागितलं, त्याच्या जुन्या गाडीसाठी. फुकटात! दिलं नाही. काकांचा पत्ता दिला.