यादीत कोण नाही

फेब्रुवारीत देशभरातल्या शिक्षणसंस्थांच्या आवारांत पक्षीगणना होते. कॅम्पस बर्ड काउंट. निदान १५ मिनिटं फिरायचं, दिसलेला आणि ऐकू आलेला प्रत्येक पक्षी लिहायचा आणि यादी ईबर्ड या संकेतस्थळावर चढवायची. पुण्यात मी शिकवते त्या महाविद्यालयात मुलांना घेऊन मी ही गणना करते. त्याच मुलांना भीमाशंकरला आणि वेताळ टेकडीवरही नेऊ लागले आणि तिन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून वाचायची सवय जडली.

मुलं आधी आकडा बघतात. आवारात तासाभरात यादी झरझर वाढते : साळुंकी, दयाळ, शिंपी, बुलबुल, पोपट, घार, तांबट, शिंजीर, भारद्वाज, शिवाय वडावरची राखी धनेशाची जोडी. भीमाशंकरच्या निमसदाहरित रानात तेवढ्याच वेळात वही जवळजवळ कोरी राहते. "मॅडम, इथे तर आपल्यापेक्षा कमी आहेत," असं कुणीतरी म्हणतंच. मी म्हणते, थांबा.

रान आधी कानांनी वाचावं लागतं. माथ्यावरच्या दाट पानोऱ्यात बसलेला पांढऱ्या गालांचा कुटुर्गा क्वचितच दिसतो, पण त्याची हाक दरीभर घुमते. आणि मग अचानक मिश्र थवा येतो. निखार शेंड्यावर, वल्गुली मधल्या फांद्यांत, शिलींध्री खोडावर डोकं खाली करून चाललेली, सातभाईंची धांदल खालच्या झुडपांत आणि या सगळ्यांवर नजर ठेवून भृंगराज. एकाच झाडाचे मजले त्यांनी वाटून घेतलेले असतात. एकाने हुसकलेला किडा दुसऱ्याला मिळतो, शिक्रा आला तर इशारा सगळ्यांना मिळतो. दहा मिनिटांत वहीचं पान भरतं आणि थवा पुढे निघून जातो. असा थवा बघितल्यावर तासाला किती जाती हा हिशेब मुलांनाच अपुरा वाटू लागतो.

म्हणून आम्ही प्रश्न बदलला. यादीत कोण आहे याबरोबरच कोण नाही, हेही विचारायचं. आवाराच्या यादीत झाडांवरचे पक्षी भरपूर असतात, जमिनीवरचे फार थोडे. भीमाशंकरात रानकोंबडा पाचोळा उकरतो. पावसाच्या तोंडावर येणारा नवरंग त्याच पाचोळ्यात गांडुळं शोधतो. आवारात पाचोळा रोज सकाळी झाडला जातो. झाडं जुनी, सावली गर्द, पण खालचा मजलाच गायब! आमच्याकडे बांबूच्या बेटामागे एक कोपरा आहे, तिथे झाडू पोचत नाही. नारिंगी डोक्याचा कस्तूर आम्हाला आवारात दिसला तो तिथेच, पानं उलटीपालटी करताना. वाळक्या फांद्यांचंही तसंच. तांबट मऊ, मेलेल्या लाकडात घरटं कोरतो. धनेशाला तर म्हाताऱ्या झाडाची ढोलीच हवी. मादी आत बसून दार लिंपून घेते आणि नर फटीतून तिला भरवतो. 'धोकादायक' म्हणून सरसकट छाटलेल्या प्रत्येक फांदीबरोबर एखादं घर जातं. रस्त्यावरची फांदी जरूर तोडावी, पण मागच्या बाजूचा वठलेला बुंधा कुणाच्या आड येतो?

वेताळ टेकडीची यादी तिन्हींत छोटी. उतारावर लावलेल्या गिरिपुष्पाच्या राईत मी मुलांना मुद्दाम उभं करते. हिरवं दिसतं खरं, पण मूळ मध्य अमेरिकेतल्या या झाडाखाली आम्हाला फार कमी हाका ऐकू येतात. तिथून चार पावलांवर उघडं गवत लागतं आणि चंडोल उडत उडत गायला लागतो. खडकावर गप्पीदास, गवतात तितर.

आता आमच्या वहीत एक जादा रकाना आहे : 'फक्त इथेच'. तीनपैकी एकाच जागी नोंदलेले पक्षी त्यात जातात. आवाराची यादी लांबलचक असली तरी हा रकाना तिथे जेमतेम भरतो, कारण तिथले बहुतेक पक्षी कुठेही निभावून नेणारे. भीमाशंकरचा भरगच्च. आणि टेकडीच्या छोट्या यादीतली निम्मी नावं या रकान्यात येतात, सगळी गवताळ माळावरची. दर पावसाळ्यात वृक्षारोपणासाठी 'मोकळी जागा' म्हणून नेमका हाच माळ दाखवला जातो. म्हणून खड्डे खणण्याआधी ही वही घेऊन मी मुलांसह वृक्षारोपणाच्या बैठकीला जाते आणि रकाना वाचून दाखवते.