दादीचा विसर आणि चाचीवरचा आळ

मराठीत ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणतात. आमच्या मराठवाड्यातल्या दखनी बोलणाऱ्या घरांत ‘सठिया गए’ म्हणतात. अर्थ एकच, वय झालं की डोकं जायचंच. वागणं फारच बदललं तर दुसरं उत्तर तयार असतं, ‘कुछ असर है.’ म्हणजे बाहेरची बाधा. या दोन उत्तरांच्या मध्ये आजार नावाची गोष्ट हरवून जाते आणि त्याची किंमत बहुतेक वेळा घरातली सून मोजते.

आमचं घर अंबड तालुक्यातल्या वडीगोद्रीचं. सत्तरी ओलांडल्यावर दादी हळूहळू विसरू लागली. एका नमाजसाठी तीन-तीनदा वुजू करायची, रकात मोजता मोजता थांबायची. पुढे जेवण झाल्यावर अर्ध्या तासात शेजारी जाऊन सांगायची, ‘सुबे से कुछ नहीं खाई. बहू देतीच नहीं.’ मोहल्ल्यात बोलणं सुरू झालं की चाची सासूला उपाशी ठेवते. रात्रीतून तीनदा दादीसाठी उठणाऱ्या चाचीने लग्नकार्याला जाणंच सोडलं. कुणी आमिलकडे न्यायला सांगितलं. अखेर अब्बांनी दादीला छत्रपती संभाजीनगरला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्ताच्या तपासण्या झाल्या, स्कॅन झाला, आज वार कोणता असे साधे प्रश्न झाले. निदान निघालं, अल्झायमर.

दादी खोटं बोलत नव्हती. जेवल्याची आठवण तिच्या मेंदूत टिकतच नव्हती. हे असं का होतं, ते समजून घ्यायला मी वाचू लागलो.

१९०१ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टला ऑगस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची बाई डॉ. अलॉइस अल्झायमर यांच्याकडे आली. तिच्या आजाराची सुरुवात नवऱ्यावरच्या संशयाने झाली होती. म्हणजे घरच्यांवर आळ घेणं ही आमच्या दादीचीच गोष्ट नाही, या आजाराच्या पहिल्या नोंदीतही ते आहे. १९०६ मध्ये ती वारल्यावर अल्झायमर यांनी तिचा मेंदू तपासला. पेशींच्या बाहेर कसले तरी साके आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते त्यांना दिसले. आज आपण त्यातल्या प्रथिनांना अनुक्रमे अमायलॉइड आणि टाऊ म्हणतो.

ही प्रथिनं निरोगी मेंदूतही तयार होतात. मग ती साचतात का? इथे शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातली लयकारिका, म्हणजे लायसोसोम, कामाला येते. बेल्जियमचे ख्रिश्चन द दुव्ह यांनी १९५५ मध्ये तिची ओळख करून दिली. १९७४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पेशीतल्या या बारीक पिशव्यांत पन्नासहून अधिक विकरं असतात आणि ती पेशीतला टाकाऊ माल तोडून बारीक करतात.

आपल्याकडे कबाबच्या गोश्तला कच्ची पपई लावतात. पपईतलं पपेन नावाचं विकर गोश्तमधली प्रथिनं तोडतं, म्हणून गोश्त नरम होतं. लयकारिकेतलं कॅथेप्सिन बी हे याच पपेनच्या कुळातलं. पण या विकरांची एक अट असते. त्यांना आंबटपणा लागतो, साधारण दह्याइतका. पिशवीच्या कडेला बसवलेले बारीक पंप हा आंबटपणा टिकवतात. पंप मंदावले की विकरं जागेवर असूनही काम थांबतं आणि न तुटलेला माल साचत जातो.

२०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या राल्फ निक्सन यांच्या गटाने अल्झायमरसारखा आजार असलेल्या उंदरांत हेच पाहिलं. अमायलॉइडचे साके बाहेर दिसण्याच्या आधीच पेशींमधल्या या पिशव्यांचा आंबटपणा घटला होता. न पचलेल्या अमायलॉइडने भरलेल्या पिशव्या फुगून पेशीच्या केंद्रकाभोवती फुलाच्या पाकळ्यांसारख्या दिसत होत्या. पुढे त्या पेशी मरतात आणि मागे साका उरतो, असं या गटाचं म्हणणं आहे. आजार वाढवणारी कारणं आणखीही आहेत आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. पण यातून निदान एवढं कळतं की बाहेर दिसणारा कचरा ही आजाराची उशिराची खूण असू शकते.

अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी मिळालेलं लेकानेमॅब हे औषध अमायलॉइड काढून टाकतं. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांत १८ महिन्यांत त्याने घसरण सुमारे २७ टक्क्यांनी कमी केली. आजार मात्र थांबला नाही. पिशव्यांचा आंबटपणा परत आणणारं औषध शोधणं सुरू आहे, आज ते दवाखान्यात मिळत नाही.

मग गावातल्या माणसाने हे जाणून करायचं काय? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीचा अंदाज आहे की भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे शंभरातल्या सात-आठ जणांना. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरापेक्षा खेड्यात तो जास्त आहे. म्हणजे तो वडीगोद्रीसारख्या गावांतच जास्त आहे, फक्त त्याला नाव नाही. आणि सगळा विसर अल्झायमरचा नसतो. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांमुळेही माणूस विसरतो आणि ते उपचाराने सुधारू शकतं. म्हणून आधी तपासणी, मग बाकीचं. दुआ जरूर करा, पण तिच्यासाठी डॉक्टरकडे जाणं थांबवू नका.

आणखी एक गोष्ट. ज्याची अक्कल शाबूत नाही त्याच्यावर शरीयत नमाज-रोजाचा बोजा टाकत नाही. मग रकात चुकली म्हणून दादीवर ओरडणारे आपण कोण?

अब्बांनी त्या वेळी एक काम केलं. डॉक्टरांचा कागद घेऊन ते शेजारपाजारच्या घरी गेले आणि आजाराचं नाव सांगून आले. त्यानंतर शेजारच्या खाला दादीला ‘खाना दी क्या बहू ने?’ असं विचारायच्या थांबल्या. दुपारी तासभर त्या दादीजवळ येऊन बसू लागल्या आणि तेवढ्या वेळात चाची झोपू लागली.